बुढीचा ठोका

जरीपटक्याच्या बाजारात लेसचं दुकान शोधावं लागत नाही, चुकवावं लागतं. एका दुकानातून नजर सोडवली की पुढच्यात अडकते. सोनेरी, चंदेरी, टिकल्यांची, मोत्यांची, गोंड्यांची, भेंडोळ्यांवर भेंडोळी. अशाच एका दुकानात प्रेमिलाबाई ब्लाउजच्या बाहीसाठी लेस मोजून घेत होत्या. घेता घेता त्यांनी दुकानदाराला सहज सांगून टाकलं, की आमच्या घरचे लेस पाहायला फ्रान्सला चालले. दुकानदाराची कात्री हवेतच थांबली. मागं उभ्या असलेल्या त्यांच्या नवऱ्याकडं, आनंदरावांकडं, पाहून तो म्हणाला, "अंकल, लेस देखने को फ्रान्स काहे को? यहाँ से मीटर पे ले जाओ. पसंद नहीं आया तो बदल के भी देता हूँ."

दुकानातल्या बाया हसल्या. आनंदरावही हसले. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. पण चार माणसं हसली की आपणही हसून घ्यायचं, हे त्यांनी अलीकडं शिकून घेतलं होतं.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणे वं तो?"

"म्हणे, चांगली गोष्ट आहे. जाऊन या," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

आनंदराव गजभिये तिथून जवळच्या इंदोरा वस्तीतले. उन्हाळ्यात त्यांच्या घरासमोर नादुरुस्त कूलरांची रांग लागते. कोणाचा पंप जळलेला, कोणाची मोटर बसलेली. गल्लीतली पोरं त्यांना कूलरवाले काकाच म्हणतात. पण नव्या माणसानं विचारलं, तुम्ही काय करता, तर ते हातातला पान्हा खाली ठेवून सांगतात, "मी लेसच्या कारखान्यात फिटर होतो." तो कारखाना बंद पडून पोरीचं लग्नाचं वय आलं नि गेलं, तरी उत्तर तेच.

फ्रान्सात त्यांना एकच काम होतं. तिथं एक मशीन आहे, ती चालताना ऐकायची. त्यांचा डावा कान पार गेला होता. उजवा अजून थोडंफार धरून होता. म्हणजे माणूस समोर असावा, त्याचं तोंड दिसावं अन वरचा पंखा बंद असावा, तर. हा कानही जायच्या वाटेवर होता. तो जायच्या आत ती मशीन एकदा ऐकायची, एवढंच.

गंमत म्हणा की आणखी काही म्हणा, कान नेले होते तेही तसल्याच मशीननं.

हिंगण्याच्या एमआयडीसीत एका शेटजीनं लेसचा कारखाना टाकला, तेव्हा आनंदरावांना नुकती मिसरूड फुटली होती. मशीन फ्रान्सच्या कॅले नावाच्या गावाहून आली. समुद्रकाठचं गाव, घरोघरी लेसवाले. मशीन नवी नव्हती, कोणीतरी वापरून काढलेली, सुटी करून लाकडी पेट्यांत भरलेली. पेट्या उघडल्या तेव्हा आतून जो वास आला, तो आनंदरावांना पुढं जन्मभर आठवायचा. ओलं लाकूड, लोखंड अन शाळेतल्या शिसपेन्सिलीचा वास.

"शेटजीनं आपल्यासाठी बुढी आणली गा," गिरिधर म्हणाला. गिरिधर म्हणजे आनंदरावांचा जोडीदार. मशीन आनंदरावांनी पाहायची अन धागे गिरिधरनं, अशी वाटणी होती. तेव्हापासून मशीनचं नाव बुढीच पडलं.

ही बुढी एखाद्या गल्लीएवढी लांब होती. तिच्या पोटात हजारो पितळी चकत्या, जुन्या रुपयाएवढ्या पण कागदासारख्या पातळ, अन प्रत्येक चकतीवर केसासारखा धागा गुंडाळलेला. बुढी चालायला लागली की त्या साऱ्या चकत्या उभ्या धाग्यांमधून झोपाळ्यासारख्या मागंपुढं झुलत. त्या झुलण्यातून जाळी उतरे, वेली उतरत, फुलं उतरत. बाजूला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरायची. कुठं फूल अन कुठं जाळी, ते पुठ्ठे सांगत.

तिला तेल चालत नसे. तेलाचा डाग धाग्यावर पडला की जन्माचा. म्हणून शिसपेन्सिलीत असते ती काळी पूड चकत्यांना चोळायची. माणसं काळी, भिंती काळ्या, चहात काळं. अन बुढीच्या पोटातून लेस निघायची तीही काळीढुस्स, चुलीमागच्या जळमटासारखी. तशीच गठ्ठ्यांत बांधून ती धुवायला बाहेरगावी जाई. पांढरी होऊन पुढं कोणाच्या अंगावर बसे, हे हिंगण्यातल्या कामगारांनी कधी पाहिलं नाही.

मशीनसोबत एक फ्रेंच मिस्त्री आला होता. रने त्याचं नाव. पण तिकडं साहेबाला मुस्यू म्हणतात म्हणून पोरांनी त्याला मुस्यूबाबा केलं. त्याला ना इंग्रजी ना हिंदी. एकदा गिरिधरनं त्याला प्रेमानं तिखटजाळ सावजी मटण खाऊ घातलं. त्यानंतर गिरिधर दिसला की मुस्यूबाबा आधी पाण्याचा ग्लास जवळ ओढे.

या मुस्यूबाबाकडं एक लाकडी काडी होती, करंगळीएवढी जाड, हातभर लांब. तिचं एक टोक तो मशीनला लावी अन दुसरं टोक कानामागच्या हाडाला. डोळे मिटून उभा राही. मग नेमक्या जागी बोट ठेवी, की दुखणं इथं आहे. बाहेरचा गोंगाट कानात शिरतो, काडीतून फक्त मशीन बोलते, हे त्यानं आनंदरावांना हातवाऱ्यांनी समजावलं. आनंदरावांनी कारखान्यामागच्या कडुनिंबाची एक फांदी तोडली, सोलली, वाळवली अन आपली काडी केली.

जायच्या दिवशी मुस्यूबाबानं भिंतीवर काळ्या पुडीनं नकाशा काढला. हा समुद्र, हे पॅरिस, हे कॅले. मग आनंदरावांचं बोट धरून कॅलेवर ठेवलं अन काहीतरी म्हणाला. ये, म्हणाला असावा. आनंदरावांनी "हाव", म्हणजे हो, म्हटलं. कोणाला हाव म्हणून टाकलेलं माणसाच्या मागं किती वर्षं चालत येतं, ते तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं.

लग्न त्याच सुमारास झालं. प्रेमिलाबाई भंडाऱ्याकडच्या. नवऱ्याला काळं होऊन घरी येताना पाहून त्या म्हणायच्या, "यापेक्षा कोळशाच्या खाणीतला पाह्यला असता तं बरं झालं असतं. त्याईले साबण तरी कंपनीकडून भेटते."

एका वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दसऱ्याला सारं घर दीक्षाभूमीवर जायचं, अन जायचं ते पांढऱ्या कपड्यांत. प्रेमिलाबाईंनी अंगणात तीन दगडांवर मोठं गंज, म्हणजे पातेलं, चढवलं, सोडा टाकला अन घरातले पांढरे कपडे उकळायला घातले. सासऱ्यांचं धोतर, नणंदेची साडी, नवऱ्याचा सदरा-पायजमा, आपली नवी साडी. तेवढ्यात त्यांना खुंटीवरच्या पिशवीत लेस सापडली. आनंदरावांनी आदल्या संध्याकाळीच साहेबाला विचारून वाया गेलेला एक तुकडा बायकोसाठी आणला होता. द्यायचं मात्र विसरले. प्रेमिलाबाईंना वाटलं, लेस म्हणजे पांढरीच असणार, ह्यांच्या हातानं मळली. दिली टाकून गंजात.

काठीनं कपडे वर काढले तर काय, धोतर राखाडी, साडी राखाडी, सदरा राखाडी. सगळं घर जणू राखेतून काढलेलं. अन त्या साऱ्याच्या वर, काठीच्या टोकाला, दुधाच्या सायीसारखी पांढरी लेस.

पुन्हा धुतलं, पुन्हा उकळलं, लिंबू चोळलं. काळं काही हटेना. दुसरे कपडे कोणाकडं होते? प्रेमिलाबाई चुलीशी बसून रडायला लागल्या. सासऱ्यांनी आपलं राखाडी धोतर दोरीवर वाळत घातलं अन म्हणाले, "मी छप्पन साली गेलो तवा सदरा शेजाऱ्याचा होता, तोही खांद्यावर फाटका. आपल्याले कपडे दाखवाले कोणी बोलावलं, बाई? उद्या लवकर उठजो."

दुसऱ्या दिवशी त्या पांढऱ्या समुद्रात गजभियांचं घर ढगाच्या तुकड्यासारखं फिरलं. गल्लीनं पुढं कितीतरी वर्षं त्यांना राखाडी गजभिये म्हटलं.

पण आनंदरावांना त्या दिवसातलं वेगळंच आठवायचं. अंगणात बायको रडते आहे, बहीण कुरकुरते आहे, अन आपण हातात ती पांढरी लेस घेऊन उजेडाकडं धरून उभे आहोत. वेलीला पानं होती. पानाला शिरा होत्या. आपण रोज काय करतो, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ती लेस प्रेमिलाबाईंनी एका पांढऱ्या साडीच्या काठाला लावली. साड्या विरल्या, बदलल्या. लेस उसवून पुढच्या साडीला गेली. दर दसऱ्याला ती दीक्षाभूमीवर जाते.

बुढी मात्र प्रेमिलाबाईंनी कधी पाहिली नाही. कारखान्यात बायामाणसांना आत सोडत नसत, अन "एक दिवस नेतो तुले" म्हणता म्हणता आनंदरावांचं राहून गेलं. तरी बुढी घरात होतीच. आनंदराव जेवायला बसले की त्यांची बोटं ताटाच्या काठावर चालायची. खट खट खडाक, खट खट खडाक. बाजेच्या दांड्यावर, सायकलच्या मुठीवर, लहानग्या मेघाला झोपवताना तिच्या पाठीवर. प्रेमिलाबाई म्हणायच्या, "आणली का बुढीले सोबत? तिलेही पाट मांडू काय?"

मग स्वस्त लेसचा पूर आला. बाहेर देशातल्या नव्या मशिनी दिवसभरात जेवढी काढत, तेवढी काढायला बुढीला महिना लागला असता. कारखाना बंद पडला. भंगारवाला गॅसकटर घेऊन आला. आनंदराव त्याच्यासमोर उभे राहिले. म्हणाले, कापू नको, मी खोलून देतो.

"काका, तोलायचीच तं आहे," भंगारवाला म्हणाला.

तरी त्यांनी खोलली. मुस्यूबाबानं ज्या क्रमानं जोडली होती, त्याच्या बरोबर उलट क्रमानं, एकेक नट सुटा करून, पुसून, बाजूला ठेवत. गिरिधर दारात बसून पाहत होता. शेवटी म्हणाला, "माय मेल्यावर आंघोळ घालतात, तसं करून राहिला गा तू."

आनंदरावांनी शेवटचा नट पुसून ठेवला. घरी आले, हातपाय धुतले, जेवले. काडी तेवढी सोबत आणली होती. ती त्यांनी दाराच्या चौकटीवर ठेवली.

त्यानंतर कूलर आले, पंप आले. कान हळूहळू गेले. पण एक गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. बाहेरचे आवाज जसे कमी झाले, तसा आतला बुढीचा आवाजही विरत चालला होता. आधी तो बोलावला की यायचा. मग उशिरा यायला लागला. आता कधी यायचा, कधी नाही, अन आला तरी तो तिचाच आहे की कूलरच्या मोटरीचा, याची खात्री नसायची. माणूस फोटो नसलेल्या मायबापांचा चेहरा विसरतो, तसं ते व्हायला लागलं होतं.

हे सगळं मेघाला सांगावं कसं? मेघा त्यांची एकुलती एक पोर, पुण्यात कंपनीत नोकरीला. बाप कधी कॅले कॅले म्हणायचा, एवढं तिच्या कानावर होतं. एक दिवस तिनंच मोबाइलवर शोधून काढलं, की त्या कॅलेत लेसच्या एका जुन्या कारखान्यातच संग्रहालय केलंय, अन तिथं तसल्या मशिनी लोकांसमोर चालवून दाखवतात. बाबांना तोंड दिसावं म्हणून तिनं लगेच व्हिडिओ कॉल केला. "बाबा, पासपोर्ट काढा. आईचाही."

मग दर रविवारी फोनवर अशीच बैठक. पॅरिसला जुन्या कपड्यांचं दालन पाहायचं. लिऑं शहरात रेशीम. कुठल्याशा गावी बाया उशी मांडीवर घेऊन, तिच्यावर टाचण्या टोचून, हातानं लेस करतात, तेही मेघाला दाखवायचं होतं.

"उशीवर टाचण्या?" प्रेमिलाबाईंनी फोन आपल्याकडं ओढला. "मंग झोपतात कशावर वं?"

"आई, ती वेगळी उशी असते."

"हातानं करतात म्हणते. किती दिवस लागत असतीन एका फुलाले?"

"तू विचार ना तिथं त्यांनाच."

"मी काय इचारू? मले त्याईची भाषा येते काय?" असं म्हणून त्यांनी फोन परत दिला, पण त्यानंतर दोनतीन रविवार त्या उशीवाल्या बायांची चौकशी करत राहिल्या.

आनंदरावांचं एकच. "मशीन कोणत्या टाइमले चालू करतात, ते लिहून ठेव. आपण जाऊ अन बंद असन, असं नोको व्हाले."

"बाबा, राण्यांच्या कॉलरी आहेत तिथं, शेकडो वर्षांच्या. एवढ्या लांब जायचं अन एकच गोष्ट पाहायची?"

"राण्यांच्या कॉलरी तुम्ही मायलेकी पाह्यजा. मले बाहेर बसवजा."

दिवाळीनंतरची सुट्टी ठरली. म्हणजे दसरा चुकायला नको. तिकिटं तेवढी काढायची राहिली. त्याआधी मेघानं चार दिवस घरी येऊन बापाला कानाची मशीन घ्यायला लावली. सदर भागातल्या एका दवाखान्यात तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबे चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बाहेर आल्यावर तिथली पोरगी मेघाला म्हणाली, "काका आवाज नव्हता तेव्हाही दाबून राहिले होते. अगदी एका लयीत. घड्याळासारखं."

"मशीन लावल्यावर ऐकू येईल ना?" मेघानं विचारलं.

"मोठं येईल," पोरगी म्हणाली. "पण नीट येईलच असं नाही सांगता येत. जे गेलं ते मशीन परत आणत नाही." मग तिनं आनंदरावांच्या समोर येऊन, ओठ सावकाश हलवत विचारलं, "काका, तुम्हाला काय ऐकायचंय जास्त करून? माणसं की टीव्ही?"

आनंदराव मेघाकडं पाहून हसले.

त्या दुपारी घरी गिरिधर आला होता. मेघा म्हणाली, तिकिटं काढायच्या आधी एक गंमत दाखवते. तिनं मोबाइल टीव्हीला जोडला. पडद्यावर कॅलेची मशीन आली. स्वच्छ, चकचकीत, समोर दोरी बांधलेली, दोरीअलीकडं माणसं. आनंदराव दिवाणावर सरसावून बसले. कानात नवी मशीन होती. पडद्यावरच्या बाईनं कळ दाबली. पितळी चकत्या झुलायला लागल्या.

पाहताक्षणी त्यांनी ओळखलं. झुलणं तेच होतं. उभे धागे तेच, त्यांच्यातून जाणं तेच. पण कानात जे आलं ते पत्र्यावर गोटे पडावेत तसं काहीतरी होतं, अन त्याच्या मागं कुकरची शिट्टी. त्यांनी मान तिरपी केली. मेघानं आवाज वाढवला. गोटे वाढले. मग त्यांनी उठून चौकटीवरची काडी काढली, एक टोक टीव्हीच्या डब्याला लावलं, दुसरं कानामागं. डोळे मिटले. हाडात नुसती झिणझिण झाली, अंगावरून मुंग्या जाव्यात तशी.

बराच वेळ ते तसे उभे राहिले. मग कानातली मशीन काढून रुमालात गुंडाळली.

"रद्द कर, बाई."

"काय रद्द करू?"

"सगळंच."

"बाबा, असं काय करता? तिथं खरी मशीन असेल. मोबाइलमधलं वेगळं अन.."

"मले ऐकू येत नाही, मेघा. तिथं नेऊन काय करशील? खांबावाणी उभा राहीन मी."

गिरिधरनं चहाची बशी खाली ठेवली. "मंग पाहून ये ना गा. डोळे तं शाबूत आहेत."

"पाह्यलं ना आत्ता. टीव्हीत दिसली."

 वर्षभर जमवत आणलेलं मेघाच्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये उघडं होतं. तिनं तो मिटला.

प्रेमिलाबाई खाली बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. टीव्हीतली मशीन अजून चालूच होती. त्यांनी एक शेंग उघडली, दाणे परातीत टाकले अन म्हणाल्या, "तशीही हे तुमची बुढी नाहीच."

आनंदरावांनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. "काय म्हटलं?"

प्रेमिलाबाईंनी मान वर केली अन मोठ्यानं सांगितलं, "म्हटलं, हे तुमची बुढी नाही."

"तुले काय माहीत? तू कवा पाह्यली?"

"तुमी दाखवली कोठी? नेतो नेतो म्हणत कारखाना बंद झाला." मग टीव्हीकडं हनुवटी करून म्हणाल्या, "हे सारखी चालते. तुमची लंगडे."

"लंगडे? काहीच्या काही. बुढी कधी लंगडली नाही."

"आता काय सांगाव या माणसाले," असं म्हणत प्रेमिलाबाई उठल्या. स्वयंपाकघरातून लाटणं आणलं. दिवाणाच्या सागवानी दांड्याजवळ उकिडव्या बसल्या अन वाजवायला लागल्या. खट खट खडाक. खट खट खडाक. खट खट. लाटणं हवेत थांबलं. मग पुन्हा, खट खट खडाक.

आनंदरावांना ठोके नीट ऐकू येत नव्हते, पण लाटणं दिसत होतं. ते म्हणाले, "मधी एक ठोका राहिला तुह्या."

"माह्या नाही राह्यला. तुमचाच राहे. रोज ताटावर तिथी बोट असं वर धरत. मले वाटे, भाजी मांगून राहिले का काय. कितीक वेळा तं वाढून बसली मी."

गिरिधर एकदम सरळ झाला. "अरे आनंदा. तो दात घासला होता ना बे. बाजूच्या चाकाचा. आपण शेटजीले किती डाव सांगितलं, बदलून द्या म्हणून. त्यानं कुठी देला? तिथी हिचका खाये ते. शेवटपर्यंत."

आनंदराव दिवाणावर बसले. चाकाचा घासलेला दात त्यांना आठवला. त्याच्यावर आपण बोट फिरवून पाहायचो, तेही आठवलं. पण इतकी वर्षं मनात जी बुढी चालवत आलो, ती न अडखळणारी होती. कधी तिचं लंगडणं गळून पडलं, त्यांना कळलं नव्हतं.

त्यांनी काडी उचलली. एक टोक दिवाणाच्या दांड्याला टेकवलं, दुसरं कानामागच्या हाडाला.

"अजून," ते म्हणाले.

प्रेमिलाबाईंनी वाजवलं. लाटण्याचा एकेक ठोका लाकडातून काडीत अन काडीतून हाडात आला, जड, गोल, वेगळा वेगळा. खट खट खडाक. खट खट खडाक. खट खट. अन मग ती रिकामी जागा. त्या जागेत कारखान्याचा काळा पत्रा होता, शिसपेन्सिलीचा वास होता, गिरिधरची तरणी मान धाग्यांवर वाकलेली होती. पुढचा ठोका पडला अन बुढी पुढं गेली.

मेघानं टीव्ही बंद केला होता.  प्रेमिलाबाईंचा हात दुखला, तेव्हा त्यांनी लाटणं थांबवलं.

"मी घरी केव्हापासून नाही वाजवलं?" आनंदरावांनी विचारलं.

"मशीन खोलून आले त्या दिवसापासून," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "मी पाहून राहिली होती. म्हटलं, आज नाही तं उद्या वाजवतीन."

त्या पुन्हा शेंगांपाशी जाऊन बसल्या. आनंदराव त्यांच्या हातांकडं पाहत राहिले. बुढी भंगारात गेली, वितळली, तिच्या कोणाच्या खिडकीच्या सळ्या झाल्या असतील. कॅलेत आहे ती धडधाकट आहे, सारखी चालते, तिची अन आपली ओळख नाही. ज्या आवाजासाठी जायचं होतं, तो तिथं नव्हताच. तो या घरात, वालाच्या शेंगांत होता, अन आपल्याला पत्ता नव्हता.

मेघा हळूच त्यांच्या समोर आली, तोंड दिसेल अशी. "मग बाबा? खरंच रद्द करू?"

आनंदरावांनी काडी रुमालानं पुसली.

"तुह्या मायनं मशीन कधी पाह्यलीच नाही," ते म्हणाले. "तिले दाखवून आणू. अन ते उशीवाल्या बायाही दाखवजो. मी बाहेर नाही बसत."

गिरिधर म्हणाला, "अन मले कोण दाखवन ते उशीवाल्या बाया?"

"तुले सावजी मटण घेऊन पाठवते," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "मंग ते लोक आपल्याले गावात घेतील तं घेतील." मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "पण मले तिथी तुमच्या उजवीकडं उभं करा. डावीकडून सांगितलं का भिंतीले सांगितल्यावाणी होते. अन ते मशीन बिनालंगडी चालली, तं मी कसं सांगू तुमाले?"

"जशी चालते तशी सांग. बोटानं, माह्या हातावर," आनंदराव म्हणाले. "अन मधातला ठोका तुह्या मनानं सोडून देजो."

मेघानं लॅपटॉप उघडला.

संध्याकाळी जेवायला बसले. वालाची भाजी होती, भाकरी होती. मेघा पासपोर्टचे आकडे आईला पुन्हा पुन्हा विचारत होती अन आई म्हणत होती, जेवू दे वं पोरी. आनंदरावांचं कोणाकडंच लक्ष नव्हतं. त्यांचा डावा हात ताटाच्या काठावर होता. बोटं चालायला लागली होती, सावकाश, रस्ता पुन्हा पायाखालून घालावा तशी.

एका जागी बोट वर राहिलं.

प्रेमिलाबाईंनी भाजीचा पळा उचलला, अन तसाच हातात धरून ठेवला.